ग्रँड कॅन्यनला गाडी एकदाच लावा, मग बस धरा

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की अमेरिकेतल्या मराठी घरांत तीच यादी निघते. नायगारा, न्यूयॉर्क, लास व्हेगस, आणि 'एवढं आलोच आहोत तर' ग्रँड कॅन्यन, अ‍ॅरिझोनातली ती अवाढव्य दरी. मी फिनिक्सला राहते, त्यामुळे यादीतलं शेवटचं नाव माझ्या वाट्याला येतं. घरचे पाहुणे झाले, मैत्रिणींचे झाले, मैत्रिणीच्या नणंदेचेही झाले. निघायच्या आदल्या रात्री फोनवर प्रश्न ठरलेले: पार्किंग मिळतं का, बाबांना किती चालावं लागेल, आणि तिथे खायला काय?

तिन्हींचं उत्तर एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतं. दरीच्या राष्ट्रीय उद्यानात आत फुकट बस फिरतात, आणि त्या नीट समजल्या तर अर्धी दगदग वाचते. समजल्या नाहीत तर माणूस दिवसभर पार्किंग शोधत फिरतो आणि संध्याकाळी म्हणतो, 'फोटोत जास्त छान दिसतं.'

आधी कुठलं कॅन्यन ते ठरवा

हे लिहायची वेळ यावी हेच नवल, पण दरवर्षी कुणीतरी फसतं. काचेचा पूल, म्हणजे स्कायवॉक, ज्याचे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर फिरतात, तो राष्ट्रीय उद्यानात नाहीच. तो वेस्ट रिमला (रिम म्हणजे दरीचा काठ), हुआलापाई या आदिवासी लोकांच्या जमिनीवर आहे. तिकीट वेगळं, रस्ता वेगळा. नॉर्थ रिम उद्यानातच आहे, पण समोरच्या काठावर. सरळ रेषेत १६ किलोमीटरच्या आसपास, आणि रस्त्याने जायचं तर जवळजवळ साडेतीनशे. हिवाळ्यात ती बाजू बंद असते, आणि तिथलं जुनं लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेलं. पहिल्यांदा जाणाऱ्याने साउथ रिमच धरावी. बारा महिने उघडी असते आणि बसची सगळी सोय इथेच आहे.

फिनिक्सहून साउथ रिम गाडीने साडेतीन तास, व्हेगसहून साडेचार. गाडी चालवायची नसेल तर फ्लॅगस्टाफपर्यंत अ‍ॅमट्रॅकची रेल्वे येते आणि तिथून खाजगी व्हॅन मिळते. जागा आधी आरक्षित करावी लागते. विल्यम्स गावातून थेट काठापर्यंत जाणारी पर्यटक रेल्वे आहे, १९०१ पासूनची. सव्वादोन तास लागतात आणि गाडीतून दरी अजिबात दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण ज्येष्ठांना ती फार आवडते. डब्यात गाणी म्हणणारे येतात, खोटे दरोडेखोर येतात, आणि उतरलं की पायऱ्या चढून काठ समोर.

प्रवेशाचे पैसे घरीच मोजा

एका गाडीचं शुल्क ३५ डॉलर, सात दिवस चालतं. पण १ जानेवारी २०२६ पासून नवा नियम आहे. अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या पाहुण्याला वार्षिक पास नसेल तर नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा. हा नियम ११ उद्यानांना आहे आणि ग्रँड कॅन्यन त्यात आहे. परदेशी पाहुण्यांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरला मिळतो. सहलीत झायन, ब्राइस कॅन्यन किंवा योसेमिटीही असेल तर तो पास सरळसरळ स्वस्त पडतो, कारण तीही त्याच ११ मधली आहेत. ही आकडेमोड प्रवेशाच्या खिडकीपाशी, मागे पन्नास गाड्या उभ्या असताना करू नका. बाबा मागच्या सीटवरून डॉलरचे रुपये करायला लागतात.

पासपोर्ट आणि ओळखपत्रं डिकीतल्या बॅगेत नको, हाताशी ठेवा.

गाडी कुठे लावायची

आत शिरल्यावर पाट्या व्हिजिटर सेंटरकडे नेतात. तिथे चार मोठे वाहनतळ आहेत. सकाळी नऊच्या आत पोचलात तर हवी ती जागा मिळेल. मार्चची सुट्टी आणि जून ते ऑगस्ट या दिवसांत अकरानंतर येणाऱ्याला चकरा माराव्या लागतात, आणि दाराबाहेरची रांग वेगळीच. जागा मिळाली की गाडी तिथेच ठेवा. 'जरा पुढे जाऊन बघू, तिथे अजून जवळ मिळेल' हा मोह आवरा. पुढे उद्यानातल्या गावात, म्हणजे ग्रँड कॅन्यन व्हिलेजमध्ये, जागा कमी आहे, आणि सोडलेली जागा परत मिळत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक युक्ती आहे. दाराबाहेर टुसायन नावाचं छोटं गाव आहे. गाडी तिथे लावून जांभळ्या मार्गाची बस धरायची, वीस मिनिटांत व्हिजिटर सेंटर. मात्र बसमध्ये चढण्याआधी प्रवेशपास हातात हवा, तो बसमध्ये मिळत नाही. ही बस उन्हाळी हंगामापुरतीच असते.

रंग पाठ करा

आतल्या बसना लोक रंगानेच ओळखतात. तिकीट नाही, आरक्षण नाही. थांब्यावर उभं राहायचं, बस आली की चढायचं. मिनिटाला बांधलेलं वेळापत्रकही नाही. दिवसा दहा-पंधरा मिनिटांनी एक येते, पहाटे आणि अंधार पडल्यावर अर्ध्या तासाने. स्वारगेटला उभं राहून एसटीची वाट पाहिलेल्या माणसाला ही चैन वाटते. आप्पा, म्हणजे माझे सासरे, पहिल्या दिवशी प्रत्येक थांब्यावर 'पुढची गाडी किती वाजता?' असं विचारत होते. दुसऱ्या दिवशी तेच एका जर्मन जोडप्याला हातवारे करून समजावत होते, की थांबा, येतेच.

निळा मार्ग गावाचा. व्हिजिटर सेंटर, दुकानं, पोस्ट, कॅम्पिंगची जागा, रेल्वे स्टेशन, लॉजेस. पूर्ण फेरीला पन्नास मिनिटं लागतात. ही बस उपयोगाची आहे, प्रेक्षणीय नाही; खिडकीतून बहुतेक झाडंच दिसतात. आणि कधीकधी दोन थांब्यांसाठी ती गावभर फिरवून आणते. अशा वेळी काठाकाठाने चालत गेलेलं बरं.

केशरी मार्ग व्हिजिटर सेंटरपासून दोन्ही दिशांना जातो, आणि नवखा माणूस इथेच चुकतो. एका बाजूला यावापाई भूगर्भ संग्रहालय, दुसऱ्या बाजूला साउथ काइबॅब पायवाटेचं तोंड आणि याकी पॉइंट. चढण्याआधी बसच्या कपाळावरची पाटी वाचा, नाहीतर ड्रायव्हरला विचारा. याकी पॉइंटला खाजगी गाड्या वर्षभर बंद आहेत, त्यामुळे तिथे गर्दीही बेताची. सूर्योदयाला मी पाहुण्यांना तिथेच नेते.

लाल मार्ग म्हणजे खरी मेजवानी. गावाच्या पश्चिम टोकाला निळी बस सोडून लाल बस धरायची. तिथून हर्मिट्स रेस्टपर्यंत ११ किलोमीटरचा रस्ता अगदी काठाला धरून जातो. १ मार्च ते ३० नोव्हेंबर या काळात तिथे खाजगी गाड्यांना मज्जाव आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी उलट असतं, बस बंद आणि तुमची गाडी नेता येते. न उतरता जाऊन-येऊन ८० मिनिटं. उतरत-चढत गेलात तर अर्धा दिवस कसा जातो कळत नाही.

लाल बसची खोड

जाताना ही बस नऊ थांबे घेते. येताना फक्त तीन: पिमा, मोहावे आणि पॉवेल. हे वाक्य वहीत लिहून घ्या, कारण मी नकाशावर वाचूनही विसरले होते.

ऑक्टोबरची संध्याकाळ होती. आम्ही चौघं 'द अ‍ॅबिस' नावाच्या थांब्यावर उतरलो. नाव सार्थ आहे, कठड्याखाली कडा जवळजवळ सरळ खाली जातो. आप्पा बराच वेळ काही बोललेच नाहीत. सूर्य गेला, वारा सुटला, सासूबाईंनी शालीवर माझी ओढणीही गुंडाळली. तेवढ्यात परतीची बस दिसली. आम्ही हात केला. ड्रायव्हरनेही हसून हात केला आणि बस निघून गेली. आप्पा म्हणाले, "थांबली का नाही? भरलेली तर नव्हती." मग डोक्यात उजेड पडला. परतीला इथे थांबाच नाही. जाणारी पुढची बस येईपर्यंत पंचवीस मिनिटं कुडकुडत उभे राहिलो, तिच्यात बसून शेवटच्या टोकापर्यंत गेलो आणि तिथून परत आलो.

म्हणून क्रम असा ठेवा. जाताना आधी पॉवेल पॉइंटला उतरा. तिथून होपी पॉइंटपर्यंत जेमतेम अर्धा किलोमीटरची वाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही हळूहळू जमते. होपीला पुन्हा बस पकडून हर्मिट्स रेस्ट गाठा. तिथे मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी १९१४ साली बांधलेलं दगडी घर आहे, आत मोठी शेकोटी, काजळीने काळी झालेली. चहा-कॉफी, सँडविच आणि स्वच्छतागृह इथे मिळतं. वाटेतल्या बहुतेक थांब्यांवर पाणीसुद्धा नाही. ज्यांचे पाय चांगले आहेत त्यांनी मॉन्युमेंट क्रीकला उतरून तिथून हर्मिट्स रेस्टपर्यंतची साडेचार किलोमीटरची डांबरी वाट चालावी. त्या वाटेवर माणसं कमी भेटतात.

सूर्यास्ताला होपी पॉइंट प्रसिद्ध आहे, म्हणजेच तिथे जायला गर्दी. गावातल्या लाल थांब्यावर सूर्यास्ताआधी दीड तास उभं राहिलात तर ठीक. आणि शेवटच्या बसची वेळ त्या दिवशीच्या पाटीवर वाचल्याशिवाय चढू नका. तिची वेळ सूर्यास्ताबरोबर सरकते.

ज्यांना चालता येत नाही

सगळ्या बस खाली झुकतात आणि उतरंडीची फळी काढतात, त्यामुळे साधी व्हीलचेअर चढते. मोटरवाली मोठी स्कूटर मात्र बसत नाही. व्हिजिटर सेंटरशेजारी सायकली भाड्याने देणाऱ्यांकडे व्हीलचेअरही मिळते. बाळाची गाडी घडी करून घ्यावी लागते.

शिवाय एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. बसमध्ये चढ-उतार झेपत नसेल तर प्रवेशद्वारावर किंवा व्हिजिटर सेंटरमध्ये अपंगत्वासाठीचा खास परवाना मागायचा. तो समोरच्या काचेवर लावला की लाल मार्गासारख्या बंद रस्त्यांवरही तुमची गाडी नेता येते. मागायला संकोच करू नका. सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही तो घेतला होता, आणि त्या खेपेला त्यांनी आमच्यापेक्षा जास्त दरी पाहिली.

दम लागण्याचंही लक्षात असू द्या. हा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे इथे सपाटीवर चालणारा माणूसही कळसूबाईच्या साडेचारशे मीटर वर असतो. हवा कोरडी, घाम दिसत नाही, पाणी आपोआप कमी प्यायलं जातं. डोकं दुखायला लागलं की आधी पाणी, मग गोळी.

पाणी, जेवण, दवाखाना

उद्यानात एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्या विकत नाहीत. घरून बाटल्या आणा, भरायला नळ आहेत: व्हिजिटर सेंटर, यावापाईचं संग्रहालय, ब्राइट एंजल पायवाटेचं तोंड, हर्मिट्स रेस्ट. पाणी झऱ्याचं, चव चांगली.

सामानासाठी एकच जागा लक्षात ठेवा, मार्केट प्लाझा. निळी बस थांबते. तिथे मोठं किराणा दुकान आहे: दूध, पाव, फळं, दही, टोपी, मोजे, विसरलेला चार्जर. त्याच आवारात पोस्ट ऑफिस आणि एटीएम. पोस्टकार्डं इथूनच टाकते मी. आजही कुणाकुणाला ती आवडतात. कॅम्पिंगच्या जागेजवळ नाण्यांवर चालणारी अंघोळीची आणि कपडे धुण्याची सोय आहे. नाणी जपून ठेवा.

शाकाहाऱ्यांनी फार अपेक्षा ठेवू नये. मास्विक लॉजमध्ये पिझ्झा मिळतो, बाकी सॅलड आणि फ्रेंच फ्राइज. मी सरळ धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही घेऊन जाते. कागदात गुंडाळलेले धपाटे बाकावर बसून खाताना एक काळजी मात्र घ्यावी लागते, खारी. इथल्या खारी माणसाळलेल्या आहेत, मांडीवर चढतात, आणि चावतात. जनावरामुळे इजा होऊन मदत मागणाऱ्यांत खारीने चावलेलेच बरेच असतात, एल्क नावाच्या मोठ्या शिंगांच्या हरणाने मारलेले फार थोडे. नातवंडांना 'किती गोड' म्हणून शेंगदाणे द्यायला लावू नका. मनाईही आहे आणि दंडही होतो.

गावात एक दवाखाना आहे, साध्या तक्रारींसाठी. मोठं हॉस्पिटल फ्लॅगस्टाफला, सव्वाशे किलोमीटरवर. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या. आई-बाबांच्या प्रवास विम्याचा कागद फोनमध्ये नको, हातात ठेवा, कारण सिग्नल लहरी आहे. फार झालं तर ९११.

पेट्रोल गावात मिळत नाही. एक टुसायनला, नाहीतर पूर्वेला डेझर्ट व्ह्यूला.

बस जिथे जात नाही

डेझर्ट व्ह्यू गावापासून ४० किलोमीटर पूर्वेला आहे आणि तिथे कुठल्याच रंगाची बस जात नाही. तिथला १९३२ चा दगडी मनोरा पुन्हा मेरी कोल्टरबाईंचाच, आणि कोलोरॅडो नदी तिथून चांगली लांबपर्यंत दिसते. त्यामुळे माझा हिशोब असा: पहिला दिवस बसचा, दुसऱ्या दिवशी गाडी काढून पूर्वेच्या रस्त्याने बाहेर पडायचं. एकच दिवस असेल तर डेझर्ट व्ह्यू सोडून द्या. मनोऱ्यासाठी लाल रस्ता गमावणं मला पटत नाही.

त्या बाजूला गेलात तर फोनचं घड्याळ अचानक तासभर पुढे जाऊ शकतं. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळं बदलत नाही, शेजारचं नावाहो राष्ट्र, म्हणजे नावाहो आदिवासींचा स्वशासित प्रदेश, बदलतं, आणि फोन कुठल्या मोबाइल टॉवरला जोडला जातो त्यावर सगळं अवलंबून.

एक छोटी पायपीट

दरीत उतरल्याशिवाय समाधान नसेल तर केशरी बसने साउथ काइबॅबला जा आणि फक्त उऽआऽ पॉइंटपर्यंत उतरा. नाव खरंच तसं आहे. दीड किलोमीटरला थोडं कमी, पण उतार २४० मीटरचा. उतरायला अर्धा तास लागला तर चढायला एक तास धरा. आपले किल्ले आधी चढायचे असतात, मग उतरायचे; इथे उलट आहे, दमल्यावर चढ येतो. या वाटेवर पाण्याचा थेंब नाही. जुलै-ऑगस्टच्या दुपारी विजांचं वादळ येतं, म्हणून सकाळीच उरका.

ज्येष्ठांसाठी यावापाई ते गाव ही सपाट काठवाट बरी. तिच्यावर काळाची पट्टी आखली आहे, एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, आणि कडेला त्या त्या काळाचे दगड मांडलेत, हात लावायची परवानगी आहे. काठावरचा चुनखडक २७ कोटी वर्षांचा, तळाशी दिसणारा काळा खडक १७० कोटींच्या पुढचा. त्या तळच्या खडकाचं नाव विष्णू शिस्ट. समोरच्या सुळक्यांमध्ये ब्रह्मा टेंपल आहे, शिवा टेंपल आहे, विष्णू टेंपलही आहे. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने इथल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायची प्रथा पाडली. आप्पांना हे यावापाईच्या काचेपाशी सांगितलं, तर त्यांनी चष्मा पुसून प्रत्येक सुळका नकाशाशी ताडून पाहिला. सासूबाईंनी तिथूनच नमस्कार केला.

परतताना

अंधार पडल्यावर निळ्या बसने व्हिजिटर सेंटरला या. वाहनतळाचा आकडा आणि जवळच्या खांबाचा फोटो सकाळीच काढलेला असू द्या, रात्री सगळे तळ सारखे दिसतात आणि दिवे मुद्दाम मंद ठेवलेले आहेत, आकाश दिसावं म्हणून. गाडी सुरू करण्याआधी दोन मिनिटं दिवे बंद करून वर बघा. मग टुसायनपर्यंत अगदी हळू जा. एल्क रस्त्याच्या मधोमध उभं असतं, दिवे पडले तरी हलत नाही, आणि त्याच्या मागे सहसा आणखी दोघं असतात.